कणभर पेढा
गोड खाण्याची आवड मला बाळपणापासूनची. १७३० सालीं पाया घातलेल्या शनिवारवाड्याकडून बुधवार पेठेंत निघालों कीं, हलवायाच्या दुकानापाशीं माझीं पावलें अद्यापि मंदावतात.

येथील सुप्रसिद्ध गणपति दगडूशेठ हलवाई यांच्या नांवानें ओळखला जातो. लोकमान्य टिळकांनीं १८९३ पासून ज्या सार्वजनिक गणेशोत्सवास चालना दिली, त्यांत या गणपतीचें स्थान मोठें आहे. देवाच्या नांवाशीं मिठाईचा धंदा जोडला जावा, हें त्या मोदकप्रिय देवास साजेसेंच होय.

परंतु गेल्या वर्षीं मधुमेह जडला आणि डॉक्टरांनीं गोड वर्ज्य सांगितलें. परवां नातवास घेऊन दर्शनास गेलों. परततांना पेढ्यांचा पुडा घेतला. जुन्या संवयीनें हात पुड्याकडे वळला, तोंच नातू म्हणाला, “आजोबा, तुम्हांला कणभरच हं!”

घरीं बारा माणसांत पेढे वांटले गेले. माझ्या वांट्यास खरोखरच कण आला. लहानपणीं आजी एका पेढ्याचे चार भाग करी, तेव्हां मी रुसून बसत असें. आणि ती स्वतःसाठीं कांहींच ठेवीत नसे, हें मात्र माझ्या ध्यानींही येत नसे. परवां तो कण जिभेवर विरघळतांना तिची आठवण झाली.