ठणका म्हणजे नेमकं काय?

दातांच्या डॉक्टरकीची पदवी इंदूरला घेतली आणि पहिली नोकरी लागली पेणला. आठवड्यातले काही दिवस रोह्याच्या दवाखान्यात. आमच्या घरी मराठीच, पण दात आपला नुसता दुखायचा. इथे खुर्चीत बसलेला माणूस सांगतो, कळ मारते, चमक येते, हिरडी हुळहुळते, ठसठसतंय, रात्रभर ठणका लागला. यातलं काय वेगळं आणि काय एकच, मला उमगेना. त्यात तो ‘ठण’ सगळीकडे! बरा झालेला माणूस ठणठणीत, रिकामा खिसा ठणठणगोपाळ, आणि दात काढायचा नाही हे आजी ठणकावून सांगणार.

गणपतीच्या तोंडावर हमरापूरचा एक कारागीर आला, मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारा. म्हणाला, “बसलो की बरं असतं डॉक्टर, आडवा झालो की ठणका. गार पाणी तोंडात धरलं की तेवढ्यापुरता थांबतो.” निम्मं निदान त्यानेच केलं होतं. दाताच्या आतला मऊ गाभा सुजतो, भोवती मात्र टणक भिंत. सुजेला जागा नाही, म्हणून दाब वाढतो. आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं आणि दुखणं उसळतं. दात आतून मोकळा केला, तशी खुर्चीच्या हातावर आवळलेली त्याची बोटं सैल पडली.

तोवर मी धरून चाललो होतो की ठणका म्हणजे नाडीच, हृदयाच्या ठोक्यासरशी उठणारी. मग रोह्याला खालू बाजात ढोल वाजवणारे एक काका आले. म्हटलं, “काका, ठणका उठेल तसा टेबलावर बोटाने ठोका द्या.” माझी बोटं त्यांच्या मनगटावर. त्यांचं बोट संथ पडत होतं. नाडी केव्हाच पुढे निघून जात होती. ढोलवाल्याचा ठोका चुकेल कसा?

शोधल्यावर कळलं, फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी दातदुखीच्या रुग्णांवर हेच मोजून २०१२ साली प्रसिद्ध केलंय. ठणका मिनिटाला सरासरी ४४, नाडी ७३, आणि दोन्हींचा मेळ नाही. ही लय बहुधा मेंदूतलीच. मी चक्रावलो तो अजून चक्रावलेलाच आहे.

केसपेपरवर आता रुग्णाचाच शब्द लिहितो. गार पाण्याने कळ येऊन लगेच जात असेल तर बहुतेकदा दात भरून भागतं. ‘रात्रीचा ठणका’ ऐकला की रूट कॅनॉलचं बोलणं तेव्हाच काढतो.