उपनगरांतील दिव्यांचे वैद्य

बोरीवलीहून मुलुंडास आगगाडीनें जावयाचें म्हटलें तर वांकडी वाट करावी लागते. दोहोंच्या मध्यें राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आडवे पसरले आहेत. म्हणून पश्चिम रेल्वेनें अंधेरीपर्यंत दक्षिणेकडे यावयाचें, तेथें मेट्रोंत बसून घाटकोपर गाठावयाचें, आणि मध्य रेल्वेनें पुन्हां उत्तरेकडे जावयाचें. अंधेरी-घाटकोपर हा तुकडा २०१४ सालच्या जूनमध्यें मेट्रो सुरू झाल्यापासून सुसह्य झाला. या वळशांत प्रेक्षणीय असें फारसें कांहीं नाहीं, असें आमचे मित्र म्हणतात. आम्हांस मात्र हल्लीं या वाटेवर एक गोष्ट पाहण्याचा नाद लागला आहे. ती म्हणजे स्टेशनांबाहेरच्या गल्ल्यांतून एलईडी दिवे दुरुस्त करीत बसणारे कारागीर.

कल्हईवाला, सुरीस धार लावणारा, छत्र्या शिवणारा यांच्याच परंपरेंतला हा माणूस. छत्रीवाला मृगाच्या सुमारास दिसूं लागतो. याला ऋतु नाहीं. एक लाकडी फळी, तीवर दोन होल्डर, डाख देण्याची तापलेली कांडी, कथलाच्या तारेचें रीळ, एक पातळ सुरी, आणि शेजारीं गोणींत भरलेले निकामी दिवे, एवढाच त्याचा संसार.

बेटावरील मुंबईस बेस्टची वीज मिळते. उपनगरांकरितां १९२९ सालीं बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली, आणि तिचा धंदा हात बदलत बदलत २०१८ सालीं अदानींकडे आला. मुलुंड-भांडुपकडे महावितरणची वीज आहे. वीज कोणाचीही असो, घरांतील दिवा मात्र सगळीकडे एकाच सुमारास बदलला. ५ जानेवारी २०१५ रोजीं सरकारनें स्वस्त एलईडी दिव्यांची योजना देशभर सुरू केली. पुढें तिला 'उजाला' हें नांव मिळालें, व तीखालीं ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघर गेले. सरकारी खरेदींत २०१४ सालीं ३१० रुपयांस पडणारा दिवा २०१६ सालीं ३८ रुपयांवर आला. साठ वॅटच्या जुन्या दिव्याचें काम नऊ वॅटचा दिवा करूं लागला, हा लाभ कांहीं लहान नव्हे.

आमच्या लहानपणीं वडील माणसें दिवा 'विझला' असें म्हणूं देत नसत. तो 'मालवला' किंवा 'शांत झाला' म्हणावें लागे. विजेचा दिवा आला आणि तो 'उडाला' असें म्हणण्याची मुभा मिळाली. जुना तारेचा दिवा खरोखरच उडत असे. तार तुटली कीं त्याचें सारें संपलें. या नव्या दिव्याची गोष्ट निराळी आहे.

घाटकोपरला एका कारागिराजवळ आम्ही अर्धा तास उभे राहिलों. एक आजीबाई पिशवींतून पांच दिवे घेऊन आल्या होत्या.

"भाऊ, पेटीवर पंचवीस हजार तास लिहिलें होतें. वर्ष नाहीं झालें अजून."

"आजी, दिवा मेला नाहीं. एक दाणा गेला आहे, बघा."

त्यानें सुरीचें टोंक फिरवून वरचें पांढरें टोपण अलगद काढलें. आंत अॅल्युमिनियमची वाटोळी चकती, आणि तीवर भाताच्या शितासारखे दहाबारा पिवळे दाणे. हे दाणे मूळचे निळा प्रकाश देणारे. वरच्या पिवळ्या लेपामुळें तो आपणांस पांढरा दिसतो. निळ्या प्रकाशाचा असा दाणा तयार करण्याबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्याच विद्येचें फळ येथें फुटपाथवर उघडें पडलें होतें. एका दाण्याच्या मध्यभागीं मोहरीएवढा काळा ठिपका होता. सारे दाणे माळेसारखे एकामागून एक जोडलेले असतात. वीज एकांतून दुसऱ्यांत जाते. एक जळला कीं वाट तुटते, आणि अकरा धडधाकट दाणे अंधारांत बसतात.

त्यानें चकती खालून तापवून जळका दाणा उचलला व गोणींतल्या एका जुन्या दिव्याचा दाणा तेथें बसविला. दुसऱ्या दिव्यांत त्यानें दाणा बदलला नाहीं. जळक्या जागीं नुसता कथलाचा थेंब टाकून वाट जोडली. हें काम मिनिटाचें, पण त्यांत एक मेख आहे. गेलेल्या दाण्याचा भार उरलेल्या भागांवर पडतो, आतां दिवा अधिक तापतो, आणि लवकरच दुसरा दाणा जातो. चांगला कारागीर हें गिऱ्हाइकास आधीं सांगतो. सगळेच सांगतात असें नाहीं.

येथें घरांतील हौशी मुलांकरितां दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. घरांतील २३० व्होल्टची वीज दिव्याच्या आंत एकदिश होतांना तिचा दाब सुमारें ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. स्वस्त दिव्यांत चकतीवरील जोड व ही वीज यांमध्यें कसलाही आडपडदा नसतो, आणि होल्डरांतून काढल्यावरही कॅपॅसिटरमध्यें कांहीं वेळ विजेचा सांठा राहतो. कारागिरानें तो आधीं रिकामा करून घेतला, मगच बोट लावलें. टोपण काढलेला दिवा लावून पाहण्याचा प्रयोग घरीं कोणीं करूं नये.

मग हे दाणे जळतात कां? उष्णतेमुळें. दिवसाला सहा तासांच्या हिशेबानें पंचवीस हजार तास म्हणजे अकरा वर्षें होतात. पण किंमत उतरविण्याकरितां दाणे थोडे घालावयाचे आणि प्रत्येकाकडून झेपेल तितकें काम करून घ्यावयाचें, हा कारखान्यांचा हिशेब. कारखानदारांची ही दृष्टि नवी नाहीं. १९२४ सालीं जिनीव्हास युरोप-अमेरिकेंतील बड्या दिवेवाल्यांनीं फीबस नांवाचा संघ करून दिव्याचें आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवलें होतें. उलट २०१६ सालीं दुबईच्या नगरपालिकेसाठीं फिलिप्सनें जो दिवा केला, त्यांत दाणे अधिक घालून प्रत्येकास हलकें काम दिलें. तो थंड राहतो व वीजही कमी खातो. म्हणजे कसें करावें हें ठाऊक नाहीं, असें नव्हे.

घाटकोपरहून मुलुंडास जातांना वाटेंत कांजूरमार्ग लागतें. शहराचा बराचसा कचरा आतां तेथें जातो. १९६७ पासून चाललेलें मुलुंडचें डंपिंग ग्राउंड २०१८ सालीं बंद झालें. एका दाण्यापायीं फेंकलेले दिवे याच मार्गानें जातात, असें गाडीच्या खिडकींत बसून मनांत आल्याशिवाय राहत नाहीं. कारागिराच्या गोणींतले दिवे तेवढे या वाटेस लागत नाहींत. तीन मेलेल्यांतून तो दोन जिवंत करतो.

मुलुंडच्या एका कारागिरानें आम्हांस आणखी एक युक्ति दाखविली. पुष्कळ दिव्यांच्या चकतीवर विजेचें माप ठरविणारे दोन बारीक रेझिस्टर शेजारीं शेजारीं असतात. त्यांतील एक काढला कीं दाण्यांतून वीज कमी वाहते, दिवा तापत नाहीं, आणि नव्यापेक्षां अधिक टिकतो. फक्त उजेड उणा होतो. हें तो प्रत्येकास विचारतो. बहुतेक लोक नको म्हणतात. देवघर, जिना व मोरी यांकरितां दिवे आणणाऱ्या आजीबाई तेवढ्या हो म्हणतात. मुलांच्या अभ्यासाचा दिवा मात्र त्याही मंद करून घेत नाहींत.