आग्र्याचें अखेरचें उड्डाण

नवी वस्तु येते तेव्हां तिचें कौतुक पाहावयास सारा गांव लोटतो. जुनी वस्तु जावयास निघाली म्हणजे तिला वेशीपर्यंत पोंचविण्यास चार माणसें जमतील कीं नाहीं याचीहि खात्री नसते. आगगाडी, मोटार, बोलपट, रेडिओ यांचें आगमन आपल्या वाडवडिलांनीं डोळे विस्फारून पाहिलें व पुढील पिढीस रंगवून सांगितलें; परंतु वाफेचें शेवटचें इंजिन अमक्या स्टेशनावरून केव्हां गेलें, हें सांगणारा मनुष्य सहसा भेटत नाहीं. विमानांचे छांदिष्ट मात्र या नियमास अपवाद आहेत. सेवेंतून निवृत्त झालेल्या विमानास निरोप देण्यासाठीं ते महिनोन् महिने बेत आंखतात, वाऱ्याची दिशा पाहतात, उन्हांत तिष्ठत उभे राहतात, आणि दोन मिनिटांच्या दर्शनानें तृप्त होऊन घरीं परततात. आम्ही जोह्याचे चार विद्यार्थी व एक वृद्ध गृहस्थ यांनीं असाच एक बेत आंखला होता. त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

या छंदाचे फार मोठे सोहळे अमेरिकेंत झाले. १९८१ पासून २०११ पर्यंत ‘स्पेस शटल’ नांवाचीं अमेरिकन यानें अंतराळांत जाऊन येत असत. कल्पना चावला १९९७ सालीं ज्यांतून गेल्या व १ फेब्रुवारी २००३ रोजीं ज्याच्या अपघातांत त्यांचा अंत झाला, तें ‘कोलंबिया’ यान याच मालिकेंतील. हीं यानें परत येतांना इंजिनाच्या बळावर उडत नसत. घार पंख न हालवितां खालीं उतरते तशीं तीं तरंगत येऊन धांवपट्टीवर टेकत. त्यामुळें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं स्वतः उडत जाणें त्यांस शक्य नव्हतें. कॅलिफोर्नियांत उतरलेलें यान फ्लॉरिडांतील आपल्या ठाण्यावर न्यावयाचें झाल्यास तें बोइंग ७४७ जातीच्या प्रचंड विमानाच्या पाठीवर बसवीत. यानाच्या मागील बाजूस शंकूच्या आकाराचें टोपण घालीत, म्हणजे तेथें हवेचे भोंवरे कमी होत. पावसांतून तर त्याला नेतच नसत. कारण यानाच्या अंगावर उष्णतेपासून रक्षण करणारीं जीं कौलें असत, तीं पावसाच्या माऱ्यानें खराब होण्याचें भय असे. या वाहक विमानाच्या पाठीवर, यान जोडावयाच्या जागीं, ‘यान येथें बसवावें, काळी बाजू खालीं’ अशी सूचना कोणीतरी थट्टेनें लिहून ठेविली होती!

१७ एप्रिल २०१२ रोजीं ‘डिस्कव्हरी’ हें यान अशाच रीतीनें वॉशिंग्टनजवळील संग्रहालयाकडे निघालें, तेव्हां राजधानीवरून त्यानें घिरट्या घातल्या आणि हजारों लोक गच्च्यांवर व हिरवळींवर माना उंचावून उभे राहिले. त्याच वर्षीं २१ सप्टेंबरला ‘एंडेव्हर’ लॉस एंजेलिसला पोंचलें, तेव्हांहि तोच प्रकार झाला. उडण्याचें आयुष्य संपलेलें यान दुसऱ्याच्या खांद्यावर बसून शेवटच्या मुक्कामास चाललें आहे, हें दृश्य पाहून पुष्कळांचे डोळे पाणावले असतील तर त्यांत नवल नाहीं.

मुंबईच्या आकाशांत असें यान कधीं आलें नाहीं; पण त्याला पाठीवर घेणाऱ्या विमानाचीं भावंडें मात्र येथें अर्धशतक वावरलीं. एअर इंडियाचें पहिलें ७४७ विमान १९७१ सालीं आलें. त्याचें नांव ‘सम्राट अशोक’. १ जानेवारी १९७८ रोजीं रात्रीं तें उड्डाणानंतर लगेच वांद्र्यासमोर समुद्रांत कोसळलें व आंतील २१३ माणसें प्राणांस मुकलीं, ही दुःखद आठवण मुंबईकर अद्याप विसरलेले नाहींत. पुढें १९९३ पासून याच जातीचीं नव्या बनावटीचीं विमानें येऊं लागलीं. तीं सुमारें सत्तर मीटर लांब, पंखांचा विस्तार चौसष्ट मीटर, आणि पूर्ण भरल्यावर वजन जवळजवळ चारशें टन. चार इंजिनें म्हणजे इंधनाचा खर्च मोठा; दोन इंजिनांचीं काटकसरी विमानें तेंच काम करूं लागल्यावर या राजेशाही वाहनाचे दिवस भरले. २०२१ पर्यंत एअर इंडियाच्या ७४७ विमानांची प्रवासी-वाहतूक थांबली, व उरलेलीं विमानें मुंबईच्या विमानतळावर ऊन-पाऊस खात उभीं राहिलीं. त्यांपैकीं एकाचें नांव ‘आग्रा’. तें अमेरिकेस जाणार व तेथें त्याचे भाग सुटे केले जाणार, असें २०२४ च्या आरंभीं आमच्या कानीं आलें. शिवाजीमहाराज १६६६ सालीं आग्र्याहून सुटले हें आम्हीं पाठ केलें होतें. आतां आग्राच मुंबईहून निघाला होता, आणि त्याची मात्र सुटका नव्हती!

आतां आमच्या गांवाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. पेण तालुक्यांतील आमचें जोहे व शेजारचें हमरापूर हीं गणपतीच्या मूर्तींचीं गांवें. येथें वर्ष मोजावयाचें तें भाद्रपदापासून भाद्रपदापर्यंत. एका घरीं साच्यांतून मूर्ति निघत असतात, दुसऱ्या घरीं त्या सुकत असतात, तिसऱ्या घरीं रंग चढत असतो. परदेशीं जावयाच्या मूर्तींची तर उन्हाळ्यांतच घाई असते. कारण त्यांस समुद्रावरून लांबचा प्रवास करून चतुर्थीपूर्वीं पोंचावयाचें असतें. मुलांच्या हातांसहि कारखान्यांत काम असतें, आणि एप्रिलमध्यें परीक्षाहि असते.

आमच्या आळींतील तात्या हे आखणीचे कारागीर. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणें. बाकीचा रंग कोणीहि शिकाऊ मुलगा देऊं शकतो. डोळा रेखण्यास मात्र घरांतील सर्वांत स्थिर हात लागतो, कारण तेथें रेघ केसभर हालली तर देवाची मुद्राच बदलते. तात्या तरुणपणीं कांहीं वर्षें मुंबईंत पाट्या रंगविण्याचें काम करीत. ‘सम्राट अशोक’ आला त्या सुमारास त्यांनीं तो सांताक्रूझला कुंपणाबाहेरून पाहिला होता. त्याच्या आकारानें सारे थक्क झाले. तात्यांचें लक्ष मात्र खिडक्यांकडे गेलें. प्रत्येक खिडकीभोंवतीं तांबड्या रंगानें राजस्थानी झरोक्याची कमान रेखलेली होती. “एवढें लोखंडी धूड, पण कोणा रंगाऱ्यानें त्याला वाड्याची शोभा आणली होती,” असें ते अजून सांगतात. गांवीं परतल्यावर त्यांनीं तीच कमान आपल्या मूर्तींच्या प्रभावळींत घेतली, व आमच्या आळींत ती आजहि ‘विमानाची कमान’ म्हणून ओळखली जाते. त्यांच्या एका डोळ्यांत मोतीबिंदु उतरूं लागला होता. पावसाळ्याच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठरली होती. तत्पूर्वीं ती कमान एकदां आकाशांत पाहावी, एवढीच त्यांची इच्छा. आणि आमच्या बेताचें खरें कारणहि तेंच.

बेतांत प्रश्न तीन होते: कोठून पाहावयाचें, केव्हां जावयाचें, व कोणीं जावयाचें. पहिल्याचें उत्तर भूगोलाच्या पुस्तकांत सांपडलें. विमान नेहमीं वाऱ्यास तोंड देऊन उडतें, कारण पंखांवरून हवा जितकी वेगानें वाहील तितकें तें लवकर उचललें जातें. उन्हाळ्यांत जमीन समुद्रापेक्षां लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते, व तिची जागा घ्यावयास समुद्रावरून वारा येतो. मुंबईची मुख्य धांवपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तेव्हां विमान पश्चिमेस तोंड करून उडणार व जुहूच्या किनाऱ्यावरून समुद्रावर जाणार. जोह्याच्या आकाशांत तें दिसण्याची आशा नव्हती. कारण आमचें गांव मुंबईच्या आग्नेयेस, आणि अमेरिकेची वाट वायव्येस!

दुसरा प्रश्न मात्र सुटेना. निवृत्त विमानाचें नांव वेळापत्रकांत नसतें. इंजिनें तपासून झालीं, परवानगी हातीं आली, वाटेंतील मुक्काम ठरले, कीं तें निघतें. बाहेरच्यांस कळवावें असें बंधन कोणावर नाहीं. आणि तिसरा प्रश्न याहून बिकट होता. सोमवारीं आमचा गणिताचा पेपर होता. परीक्षा बुडवावयाची नाहीं व घरीं खोटें सांगावयाचें नाहीं, या दोन अटी तात्यांनींच घातल्या. शेवटीं रविवार, २१ एप्रिल हा दिवस ठरला. कारखान्यांतील रविवारचें काम आम्हीं शनिवारीं रात्रीं बसून उरकलें, गाडीभाड्याचे पैसे आपापल्या डब्यांतून काढले, आणि पहांटे हमरापूर स्टेशनावर दिव्याची गाडी पकडली.

जुहूच्या वाळूवर आम्ही दिवसभर बसलों. याच जुहूच्या विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें टपालाचें विमान स्वतः चालवीत आले. आणि तेंच उड्डाण त्यांनीं १९८२ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, पुन्हां करून दाखविलें. ही गोष्ट आम्हीं तात्यांस सांगितली तेव्हां ते म्हणाले, “म्हणजे मी अजून लहान आहें!” डोक्यावरून एकामागून एक विमानें जात होतीं. प्रत्येकाचा आवाज ऐकून तात्या मान वर करीत व विचारीत, “चार इंजिनें कां रे?” आणि आम्ही “नाहीं, दोनच” असें सांगत असूं. तिसऱ्या प्रहरीं भेळ खाऊन झाल्यावर त्यांनीं तिच्याच कागदावर पेन्सिलीनें ती कमान काढून दाखविली. एक डोळा मिटून, एका दमांत काढलेली ती रेघ आमच्यापैकीं कोणासहि साधली नसती. दिवे लागल्यावर आम्ही परतलों. आग्रा गेला नव्हता.

तो गेला दुसऱ्या दिवशीं, सोमवारीं, २२ एप्रिलला. आम्ही गणितें सोडवीत होतों. मुंबईच्या धांवपट्टीवरून उचलल्यावर वैमानिकांनीं विमान एकदां एका अंगास व एकदां दुसऱ्या अंगास कलवून, जणूं पंख हालवून, शहराचा निरोप घेतला, आणि आग्रा कायमचा गेला. संध्याकाळीं मोबाइलवर तें चित्रण आलें. आम्ही तें घेऊन धांवत कारखान्यांत गेलों. तात्यांनीं कुंचला खालीं ठेविला, हात पुसले, व फोन चांगल्या डोळ्याजवळ धरून चित्रण दोनदां पाहिलें. एवढ्याशा पडद्यावर कमानी कशा दिसणार? आमच्यापैकीं एकाच्या डोळ्यांस पाणी आलें. एका दिवसानें हुकलें, हें त्याला सहन होईना.

तात्या म्हणाले, “अरे, मीं पन्नास वर्षें गणपतींचे डोळे रेखले. त्यांतल्या एकाचेंहि विसर्जन मीं पाहिलें नाहीं. तो ट्रकांत चढला कीं माझ्यापुरता गेला. कोणाच्या घरीं बसला, कोणत्या पाण्यांत उतरला, कोण रडलें, मला कुठें ठाऊक? ज्या रंगाऱ्यानें ती खिडकी रेखली तोहि आज तिथें नव्हताच. रेघ नीट उतरली होती ना, मग झालें.”

हें समाधान आम्हांस पुरतें पटलें असें नाहीं. कारागिरास तें शोभतें. त्याचें काम त्याच्याजवळ पूर्ण होऊन गेलेलें असतें. परंतु ज्यांनीं तें काम केवळ वापरलें, त्यांनीं तरी निरोपाला हजर असावें, असें आम्हांस अजून वाटतें. ज्या विमानांनीं परदेशीं गेलेलीं आपलीं माणसें पन्नास वर्षें घरीं आणून पोंचविलीं, त्यांचें आपण कांहीं देणें लागतों. सर्वच जुनीं विमानें जपून ठेवणें शक्य नाहीं हें खरें. पण जीं जपलीं आहेत तीं तरी पाहून यावीं. गोव्यांत वास्कोजवळ नौदलाच्या विमान-संग्रहालयांत एक सुपर कॉन्स्टेलेशन विमान उभें आहे. प्रथम एअर इंडियाच्या व मागाहून नौदलाच्या सेवेंत राहिलेल्या त्या विमानाच्या पहिल्या नांवांत ‘राणी’ होती. तात्यांस तेथें नेण्याचा बेत आम्हीं आंखला आहे, आणि या वेळीं तारखेचें भय नाहीं. राणी कोठें जाणार नाहीं.

तात्यांची शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणें झाली व चांगली झाली. त्या वर्षीं ७ सप्टेंबरला चतुर्थी होती. तत्पूर्वीं कांहीं दिवस आमच्या आळींतून मूर्तींचा शेवटचा ट्रक रात्रीं अकराच्या सुमारास निघाला. कोणी न सांगतां आम्ही चौघेहि रस्त्यावर येऊन उभे राहिलों, आणि त्याचा तांबडा दिवा हमरापूरच्या वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिलों. तात्या बाहेर आले नाहींत. एका घरगुती गणपतीचे डोळे राहिले होते, आणि सकाळीं तो न्यावयास माणूस येणार होता.