उंबरठ्याच्या आतली स्वच्छता

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकी फाळणीनंतर निर्वासितांच्या वाट्याला आल्या आणि १९४९ साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आमच्या पिढीचं बालपण तिथल्या सिंधी-मराठी शेजारात, नाहीतर अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींत गेलं. बाहेरून आलं की आधी मोरी गाठायची. टाचा कोरड्या दिसल्या तर आजी परत पाठवायची. नळ आला की हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं. पावसाळ्यात दोऱ्याला बांधलेली तुरटी पाण्यात फिरवायची आणि मग हंड्याला कुणी हात लावायचा नाही. सकाळी आई वरचं पाणी अलगद उपसून घ्यायची आणि तळाशी बसलेला गढूळ थर आम्हाला दाखवायची. तो थर बघायला आम्ही भांडायचो.

आता फिल्टरचं बटण दाबलं की पाणी येतं. संडास घरात आहे, हात धुवायला साबण आहे. एरंडेलाच्या धाकाऐवजी अंगणवाडीत जंताची गोळी मिळते. नातवंडांना हे सगळं मिळालं याचा आनंदच आहे.

कारण तेव्हाचं वाईट फार वाईट होतं. टमरेल घेऊन सार्वजनिक संडासापुढे रांग. लहान मुलं सरळ गटाराच्या कडेला बसवलेली. माणसाची घाण माणसानेच टोपलीतून वाहायची, आणि आम्हाला त्यात काही गैर दिसत नव्हतं. तुरटीने गाळ बसायचा, रोगजंतू सगळे जायचे नाहीत. पोराला जुलाब लागले की पाणी तोडायचे, आणि ते मूल सुकत जायचं. १९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने हजारो जीव वाचवले, तेव्हा कुठे जलसंजीवनीची ताकद जगाला पटली.

आज आपल्याला याहून जास्त ठाऊक आहे. पोटात पुन्हा पुन्हा घाण गेली की जुलाब न होताही आतड्याचं अस्तर झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही आणि मूल खुरटतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी भरली. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात गावोगाव संडासांची मोहीम झाली, तेव्हा मुलांच्या उंचीत फरक दिसला. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेच्या मोठ्या प्रयोगांत मात्र साधा संडास आणि साबण देऊन उंची वाढली नाही. एकट्या घराने स्वच्छ राहून भागत नाही, सगळा परिसर बदलावा लागतो, असा त्याचा अर्थ अनेक संशोधक लावतात.

मला तो पटतो, कारण वालधुनी समोर आहे. मलंगगडाकडून येणारी ही नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरात शिरते ती काळी होऊन. आमची शिस्त उंबरठ्याशी संपायची, आजची टाइल्सची स्वच्छताही तिथेच संपते. तरी पाय धुवायला लावणारी आजी मला हवी आहे; तिच्या नजरेतून एकही पोर सुटत नसे, शेजारचंसुद्धा.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर अंगणवाडीत त्याचं वजन आणि उंची नियमित मोजून घ्या. आणि मतं मागायला कुणी दारी आलं, तर आपल्या गल्लीच्या गटाराचं पाणी पुढे कुठे सोडतात, ते त्यांना विचारा.