खुर्चीशेजारच्या कामाचा हिशेब

नांदेडच्या एका दाताच्या दवाखान्यात मी डॉक्टरांची असिस्टंट आहे. पेशंट मला सिस्टर म्हणतात, पण मी नर्सिंग शिकलेली नाही. बी.ए. अर्धवट सोडून इथं लागले तेव्हा महिन्याला २,५०० रुपये मिळायचे, आज ११,००० मिळतात. आकडे आधीच सांगून टाकते, कारण या कामाची चौकशी करायला येणाऱ्या मुलींना कोर्सची फी सगळे सांगतात, नंतरचा पगार कोणी सांगत नाही.

गेल्या जूनमध्ये नीटचा निकाल लागला आणि दादा भाचीला घेऊन लोहा तालुक्यातून माझ्याकडे आला. पोरीची बारावी सायन्स झालेली, पण नीटचे मार्क कुठंच पुरणारे नव्हते. लातूरच्या एका खासगी संस्थेचं पत्रक दादाच्या खिशात होतं : एक वर्षाचा डेंटल असिस्टंट कोर्स, फी ४५,००० रुपये, नोकरीची शंभर टक्के हमी. पेरणी तोंडावर होती, हातात पैसा नव्हता. तरी दादा म्हणाला, “उसनवारी करून भरतो. तू याच कामात आहेस, तूच सांग.”

मी वही काढली. लातूरला राहायचं म्हणजे खोली आणि मेस आलीच, आणि तिथले भाव नीटच्या क्लासला येणाऱ्या पोरांच्या पालकांनी ठरवलेले. दोघींत एक खोली घेतली तरी महिना ५,५०० धरले. वर्षाचे ६६,०००. फी मिळवून १,११,०००. त्याच वर्षी ती नांदेडला एखाद्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून लागली असती तर ६,००० प्रमाणे ७२,००० हातात आले असते, तेही गेले. म्हणजे खरा खर्च १,८३,०००. मग डॉक्टर लेन आणि शिवाजीनगरच्या ओळखीच्या दवाखान्यांत विचारलं, कोर्स केलेली मुलगी आली तर किती जास्त द्याल? कोणी म्हणालं काहीच नाही, कोणी म्हणालं हजारभर. हजार धरले तरी वर्षाचे १२,०००. खर्च फिटायला पंधरा वर्षं.

दादा बराच वेळ वहीकडं बघत बसला. मग म्हणाला, “पण कागद तर मिळेल ना हातात?”

हा कागदाचा प्रश्न मला नीट समजावून सांगावा लागला. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात तिघांची नोंदणी आहे : दाताचे डॉक्टर, डेंटल हायजिनिस्ट आणि कवळ्या वगैरे बनवणारे डेंटल मेकॅनिक. खुर्चीशेजारी उभं राहून हातात हत्यार देणाऱ्या असिस्टंटसाठी त्या कायद्यात रजिस्टर नाही. म्हणून अशा प्रमाणपत्राची किंमत समोरचा डॉक्टर मानेल तेवढीच. हायजिनिस्टचं वेगळं आहे. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, मग डेंटल कौन्सिलकडं नोंदणी, आणि दात साफ करायचा कायदेशीर अधिकार. सरकारी आरोग्य खात्याच्या भरतीत ‘दंत आरोग्यक’ म्हणून पदही असतं. आमच्याकडं खासगीत मात्र क्लीनिंग डॉक्टर स्वतःच करतात, त्यामुळं हायजिनिस्टला नांदेडमध्ये खूप पगार मिळेल असं मी भाचीला सांगितलं नाही. पुण्या-मुंबईला जायची तयारी हवी, किंवा सरकारी जाहिरातीची वाट पाहायची.

पगार का वाढत नाही, तेही सांगते. नांदेडला आणि लातूरला दोन्हीकडं डेंटल कॉलेज आहे. चार वर्षं शिकून, एक वर्ष इंटर्नशिप करून नवे डॉक्टर बाहेर पडतात आणि स्वतःचा दवाखाना टाकेपर्यंत मोठ्या डॉक्टरांकडं थोडक्या पगारावर बसतात. डॉक्टरलाच कमी मिळतं तिथं असिस्टंटचा पगार किती चढणार?

पण काम हलकं नाही, आणि त्याला कसब लागतं, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. मापाची पावडर कालवताना मे महिन्यात गार पाणी घ्यावं लागतं, नाहीतर ट्रे तोंडात जायच्या आधीच माप घट्ट होतं. रूट कॅनाल चालू असताना डॉक्टरांनी हात पुढं केला की पुढची फाईल त्यात असली पाहिजे, मागायची वेळ येता कामा नये. गुटख्यानं तोंड आवळलेले पेशंट आमच्याकडं रोज येतात. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी वीस-बावीस वर्षांच्या पोरांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. त्या फटीत गाल बाजूला धरायचा, सक्शन लावायचं आणि पेशंटला दुखू द्यायचं नाही. हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर पूर्ण वेळ चालू द्यायचा, बाहेर कितीही गर्दी असो. वापरलेली सुई पांढऱ्या डब्यात, काढलेला दात पिवळ्या पिशवीत. यात घाई केली तर एकाचा आजार दुसऱ्याला जातो. हे सगळं मी खुर्चीशेजारी उभं राहून शिकले, आणि मला शिकवणाऱ्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

ज्या कोर्समध्ये हे काम खऱ्या पेशंटवर, खऱ्या दवाखान्यात हातून करून घेतात, आणि जो घरून जाऊन-येऊन करता येतो, तो वाईट नाही. भाचीच्या पत्रकावर कोणत्या दवाखान्यात शिकवणार याचं नावच नव्हतं. फोन केला तेव्हाही ते सांगितलं नाही. दादानं फी भरली नाही.

भाची आता नांदेडला एका दवाखान्यात ६,००० वर शिकते आहे. लोह्याहून एसटीनं येते. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून ते परवडतं. कामाला लागायच्या आधी तिला हिपॅटायटिस बीची लस सुरू केली. तीन डोस असतात, पहिल्यानंतर महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. पुढच्या वर्षी हायजिनिस्टच्या मान्यताप्राप्त जागेचा प्रयत्न करायचा ठरलं आहे. 

डॉक्टरमंडळींना माझी विनंती आहे. मुलगी कामावर ठेवताना पगार आणि दरवर्षीची वाढ कागदावर लिहून द्या, आणि लसीचे पैसे तिच्या पगारातून कापू नका. आणि आई-वडिलांनो, या कोर्ससाठी कर्ज काढू नका. आधी मुलीला महिनाभर एखाद्या दवाखान्यात उभी करा. रक्त, लाळ आणि आठ तासांचं उभं राहणं तिला जमतंय का बघा, आणि मगच फीचं बोला.