सुई काढताना

टोचणं सोपं आहे, सुई बाहेर काढणं कठीण. बर्गनच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला ती हे सांगत आली. मुलांना वाटायचं, बाई गंमत करतायत.

सॅमनवरची ऊ, नॉर्वेजियन भाषेत ‘लाक्सेलुस’, टोचायच्या वयात जेमतेम पाच मिलिमीटरची असते. चपटी, ढालीसारखी. त्या ढालीतून केसाएवढी काचेची सुई आत जाते. रबरी नळीचं टोक दातांत धरून बेताने फुंकायचं, की मायक्रोलिटरभर द्राव आत शिरतो. द्रावात एखादा जीन गप्प करणारा दुपेडी आरएनए असतो आणि तो दिसावा म्हणून निळा रंग. निळाई ढालीखाली पसरते आणि पाहणारा सुखावतो. पण खरी गोष्ट त्यानंतरची. सुई मागे घेताना भोकाच्या तोंडाशी निळा थेंब उमटला, तर आत नेमकं किती राहिलं? घाईने काढली तर थेंब येतो. रेंगाळलात तर ऊ पाय झाडते आणि टोक आतड्यात घुसतं. पंधरा वर्षं ती या अर्ध्या सेकंदाभोवतीच घुटमळत होती. सुईचा कोन बदलला, टोकाची तासणी बदलली, श्वास कुठे रोखायचा तेही बदलून पाहिलं. एकदा तर महिनाभर सकाळची कॉफी सोडली.

आणि चुकलं की बरोबर आलं, हे चाळीसेक दिवस कळतच नाही. मादीची शेवटची कात पडायच्या आधी टोचायचं, मग नरांसोबत तिला एकट्या माशाच्या टाकीत सोडायचं. कात पडली की टपून बसलेला नर जोडी जमवतो आणि मादीच्या मागच्या भागावर शुक्राणूंच्या पुड्या चिकटवून टाकतो. मग तिचा मागचा भाग फुगत जातो आणि अंड्यांच्या दोन माळा लोंबू लागतात. पहिली जोडी आखूडच असते, तिच्यावरून निकाल देण्यात अर्थ नाही. दुसरीची वाट पाहायची.

ती माळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखी असते. अंडी चपट्या चकत्यांसारखी एकावर एक, जुन्या पैशांची चळत लावावी तशी. एकेका माळेत शेकडो. एका मादीने अशा अकरा जोड्या दिल्याचीही नोंद आहे. नॉर्वेतले सॅमनपालक दर मोजणीत सगळ्यात जास्त धास्ती घेतात ती याच मादीची. सरासरी एका माशामागे अर्धी प्रौढ मादी, एवढीच सरकारी मुभा. वसंतात तर 0.2.

अंड्यातून निघालेलं पिल्लू काहीच खात नाही. दोन अवस्था पार करून, तिसऱ्या अवस्थेत मासा सापडेपर्यंत ते आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर जगतं. ही शिदोरी अंडाशयात शिजत नाही. पिवळ बलकातली प्रथिनं मादीच्या कातडीखालच्या पेशी तयार करतात, रक्तद्रवातून ती मागे वाहत जातात आणि वाढत्या अंड्यांत भरली जातात. यातल्याच एका प्रथिनाचा, ‘याप’चा, जीन गप्प केल्याचा शोधनिबंध 2009 साली आला. आई धडधाकट राहिली, पिल्लं मात्र बिघडली. तो निबंध तिने पाठ असल्यासारखा वाचला आहे. तिच्या मते सुईचं खरं काम तेच. नाहीतर कात टाकण्याच्या संप्रेरकाचा ग्राही बंद करा: आईच आतून खंगते, अंडी थांबतात. त्यात कसलं कौशल्य, असं ती म्हणते. (हे तिचं मत न्याय्य नाही. त्या प्रयोगांनीही बरंच काही शिकवलं.)

रत्नागिरीची ही मुलगी माशांच्या उवांकडे वळली वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत. तिथे रोहू-कटल्यावरचा आर्ग्युलस होता. त्याची मादी अंडी घालायला मासा सोडून जाते आणि टणक पृष्ठभागावर त्यांच्या ओळी चिकटवते. म्हणून तळ्यात बांबू किंवा फळ्या उभ्या करायच्या, अंडी लागली की बाहेर काढून वाळवायच्या. झालं काम. आजीची लिखांची फणी आणि ही युक्ती एकाच घराण्यातली, असं तिला तेव्हाच वाटलं होतं. सॅमनची ऊ मात्र लिखा अंगावरच वागवते. फणी लावायची तर तिच्या पेशींतच लावावी लागते.

प्रतिस्पर्ध्यांवर तिची जीभ सैल सुटते. अळ्यांना पहिल्याच अवस्थेत दुपेडी आरएनएच्या पाण्यात भिजवूनही जीन गप्प करता येतो, हे 2014 साली प्रसिद्ध झालं तेव्हा तिने त्याला ‘भिजत घोंगडं’ म्हटलं. टोचायला नको, हात नको, मटकी भिजत घालावी तसं! 2021 साली या उवेचा अख्खा जीनोम छापून आला. आता संगणकासमोर बसणाऱ्यांना वाटतं, ऊ म्हणजे अक्षरांची फाईल. लेझरने उवा टिपणारे, कोमट पाण्यात मासे बुचकळणारे, तेही तिच्या तावडीतून सुटत नाहीत. औषधांना उवा एकामागून एक सरावत गेल्या, तेव्हापासून हा सगळा जत्रेचा बाजार भरलाय, असं तिचं म्हणणं. तिच्या सुईनेही आजवर कुठल्या पिंजऱ्यातली एक ऊ मेलेली नाही, याची आठवण करून दिली की ती खिडकीबाहेर पाहते. तिथे बहुधा पाऊस असतो. कोकणासारखा कोसळत नाही, दिवसभर पिरपिरतो.

2013 साली बर्गनच्याच संशोधकांनी दाखवलं, की या उवेच्या माशाला चिकटून राहणाऱ्या अवस्था चार नसून दोनच आहेत. वर्षानुवर्षं सगळे चार मोजत होते, तीही. तेव्हा ती मनमोकळी हसली होती, कारण चूक सगळ्यांची होती.

पुढची चूक तिची एकटीची.

प्रयोगशाळेच्या फळ्यावर एक रकाना असायचा: टोचलेल्यांपैकी किती जगल्या, कोणाचा हात. तिचे आकडे नेहमी वर. ती तो रकाना मुद्दाम ठळक लिहायची, हे आता स्वतःच सांगते. मग एका हिवाळ्यात नियंत्रण गटाच्या माळा आखूड येऊ लागल्या. त्या गटाला टोचतात कॉड माशाच्या जीनचा दुपेडी आरएनए. उवेत त्याचं नातं कशाशीच नाही, म्हणजे परिणाम शून्य हवा. तिने आधी पाण्याला दोष दिला, मग माशांना, मग सुया ओढणाऱ्या यंत्राला. उवा जगत होत्या, त्यामुळे फळ्यावर ती अजून पहिलीच होती.

त्याच टाक्या, तेच पाणी, तोच द्राव घेऊन तिच्या विद्यार्थ्याने टोचलं. त्याच्या माळा लांब आल्या. तो किनाऱ्यावरच्या बेटावरचा, वडील सॅमनच्या पिंजऱ्यांवर कामाला. त्याने काही सुनावलं नाही. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण तेवढं लावलं आणि म्हणाला, “तू सुई काढतेस तेव्हा टोक थरथरतं. आत जाताना नाही, बाहेर येताना.” नॉर्वेत लहानमोठे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात. इतक्या वर्षांत तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्या दिवशी ते ‘तू’ लागलं.

तिने चित्रण सात-आठ वेळा पाहिलं. थरथर होतीच. आणि थेंबही होता, भोकाच्या तोंडाशी, जो तिला डोळ्यांनी दिसत नव्हता. चाळिशीचा चष्मा तिने भिंगात पाहताना काढून ठेवायची सवय लावून घेतली होती. चष्मा लावून सुई धरणारी बाई तिला आरशात नको होती.

आता टोचतो तो. ती सुया ओढते, टोकं तासते, माळा मोजते. सुई आत ठेवून तो मनात चारपर्यंत आकडे म्हणतो आणि मग काढतो. इतकी साधी गोष्ट तिला पंधरा वर्षांत सुचली नाही. ती श्वासाच्या मागे लागली होती.

परवा त्याच्या नियंत्रण गटातली एक माळ तिला मधोमध वाकडी दिसली. तिला बरं वाटलं, चांगलंच बरं वाटलं. तिने चष्मा लावला, चळत टोकापासून टोकापर्यंत मोजली. मग उलट बाजूने मोजली. वाक होता तिथे माळ फक्त काचेला चिकटून मुरडली होती, अंडी सगळी जागच्या जागी होती. तिने फळ्यावर आकडा लिहिला. ‘कोणाचा हात’ हा रकाना कोरा ठेवून ती पुढच्या टाकीकडे गेली.