जुनी मोटार घेतांना

ऊंसाचें बिल हातीं आलें कीं आमच्या बारामती-इंदापूर भागांत घरोघर मोटारीचीं बोलणीं सुरू होतात. नवी परवडत नाहीं, म्हणून जुनी. गेल्या वर्षीं आमच्या पुतण्यानें इंदापुरास अशीच एक बारा वर्षांची गाडी पाहिली. परीक्षेस आम्हांसहि नेलें.

रंग आरशासारखा! परंतु इंजिनाच्या झांकणावर हात ठेवतांच तें ऊन लागलें. आम्ही पोंचण्यापूर्वींच तें चालवून ठेवलें होतें. थंड इंजिन सुरू होतांना निळा धूर निघाला, तर आंत तेल जळत आहे असें समजावें. ऊन इंजिनांत ही खोड पुष्कळदां लपते. किलोमीटरचा आंकडा अवघा ४० हजार, आणि ब्रेकच्या पेडलावरील रबर झिजून गुळगुळीत. आंकडा मागें फिरवितां येतो, झिजलेलें रबर तेवढें खरें बोलतें.

"काका, किंमत तरी पाहा!" पुतण्या म्हणाला. आम्ही आर. सी. पुस्तक मागितलें. त्यांत बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच! बँकेचा ना-हरकत दाखला व ३५ नंबरचा अर्ज यांवांचून तो उतरत नाहीं. शिवाय खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांचीच. इसार आम्ही देऊं दिला नाहीं. पुतण्या दोन दिवस रुसला होता.

विकणारेहि बेफिकीर असतात. एका गृहस्थानें २००७ सालीं विकलेली, पण नांव न बदललेली, विमा नसलेली गाडी २००९ सालीं अपघातांत सांपडली. मधल्या काळांत ती कितीएक हात फिरली होती. तरी भरपाई नोंदणींतील मूळ मालकानेंच द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला.